हावर्थ : एका डोंगरी खेड्याची शाळा, पुस्तके आणि आगगाडी

इंग्लंडचा जो इतिहास आपण शाळेत शिकलो आणि आता विद्यार्थ्यांना शिकवितो, तो बहुतांशी लंडनचा इतिहास असतो. राजेराण्या, पार्लमेंट, लढाया आणि तह यांतच पुस्तकाची पाने संपून जातात. खेड्यातील माणूस काय खात होता, कोणते पाणी पीत होता, त्याची मुले शाळेत जात होती की गिरणीत, हे प्रश्न परीक्षेत विचारले जात नाहीत. म्हणून ते शिकवलेही जात नाहीत. अशा प्रश्नांची उत्तरे एका लहानशा गावात एकत्र सापडतात. त्या गावाचे नाव हावर्थ. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्याच्या पश्चिमेला, पेनाइन डोंगरांच्या उतारावर हे गाव वसले आहे. जगभरचे वाचक तेथे जातात ते शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या तीन ब्राँटी भगिनींच्या घरासाठी. आणि आगगाडीचे षोकीन जातात ते वाफेच्या इंजिनासाठी. परंतु या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी शिक्षणाचा आणि लोकांच्या एकजुटीचा जो इतिहास आहे, तो आपल्यासारख्या शिक्षणाच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना अधिक विचार करावयास लावणारा आहे.

हावर्थला जाण्याची योग्य वाट कीथली या शहरावरून आहे. इंग्रजी स्पेलिंग पाहून या नावाचा उच्चार कोणी निराळा केला तर त्यात नवल नाही, पण तेथील लोक ‘कीथली’च म्हणतात. कीथली आणि शेजारचे ब्रॅडफर्ड ही लोकरीच्या कापडाची गावे. एकोणिसाव्या शतकात येथील गिरण्यांचे कापड जगभर जात असे. १९५० नंतरच्या काळात याच गिरण्यांत रात्रपाळी करण्यासाठी मिरपूर भागातून हजारो मजूर आले. १९६० च्या दशकात बांधल्या गेलेल्या मंगला धरणामुळे मिरपूर भागातील लाखभर लोक विस्थापित झाले, त्यांतीलही अनेकजण येथे आले. गिरण्या पुढे बंद पडल्या, पण ती कुटुंबे राहिली आणि त्यांची नातवंडे आज तेथील शाळांत शिकत आहेत. अशा या कीथली स्टेशनच्या एका फलाटावरून हावर्थची छोटी आगगाडी सुटते. इंग्रो, डॅमेम्स, ओकवर्थ, हावर्थ आणि शेवटी ऑक्सनहोप. मार्ग अवघा पाच मैलांचा, परंतु सतत चढाचा.

पाद्रीबाबांचे घर

हावर्थ स्टेशन दरीत आहे आणि जुने गाव टेकडीवर. दगडी फरसबंदीचा उभा चढ चढून वर गेले की चर्च, त्याला लागून थडग्यांनी गच्च भरलेले स्मशान, आणि स्मशानाच्या वरच्या अंगाला दगडी बांधणीचे एक साधे दुमजली घर लागते. १७७८ च्या सुमारास बांधलेले हे घर म्हणजे गावच्या पाद्रीचे निवासस्थान होय. १८२० साली पॅट्रिक ब्राँटी पत्नी आणि सहा मुलांसह येथे राहावयास आले.

पॅट्रिक यांचे स्वतःचे चरित्र मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १७७७ साली आयर्लंडमधील एका गरीब शेतमजुराच्या घरी झाला. लहानपणी त्यांनी लोहाराच्या हाताखाली आणि विणकराच्या मागावर काम केले. मिळेल ते पुस्तक वाचून त्यांनी विद्या संपादन केली आणि सोळाव्या वर्षी ते शिक्षक झाले. १८०२ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. त्या काळी गरीब विद्यार्थ्यांना फीची सवलत देऊन घेत असत, तशा सवलतीवर त्यांना प्रवेश मिळाला. तरीही पैसा पुरेना, तेव्हा हेन्री मार्टिन या कॉलेजातील विद्वानाने त्यांच्यासाठी शब्द टाकला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांचे स्नेही यांनी दरवर्षी थोडी रक्कम द्यावयाचे कबूल केले. त्या मदतीवर पॅट्रिक १८०६ साली पदवीधर झाले. एका होतकरू मुलाला वेळेवर मिळालेली लहानशी शिष्यवृत्ती कोठवर पोचते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. ती मदत मिळाली नसती तर पॅट्रिक हावर्थला आले नसते, आणि इंग्रजी वाङ्मयाच्या दालनातील काही उत्तम ग्रंथ लिहिले गेले नसते.

हावर्थला आल्यावर दीड वर्षाच्या आतच, सप्टेंबर १८२१ मध्ये, पॅट्रिक यांच्या पत्नीचे निधन झाले. पदरात सहा मुले, सर्वांत थोरली मारिया सात वर्षांची आणि धाकटी अ‍ॅन दोन वर्षांचीही नाही. त्यांची मेहुणी एलिझाबेथ ब्रॅनवेल ही मुलांना सांभाळावयास आली आणि अखेरपर्यंत तेथेच राहिली. मुलगा ब्रॅनवेल याला वडील स्वतः घरी शिकवीत. प्रश्न मुलींचा होता.

एका धर्मादाय शाळेची गोष्ट

१८२४ साली कोवन ब्रिज या गावी गरीब पाद्रींच्या मुलींसाठी एक निवासी शाळा निघाली. वर्षाची फी चौदा पौंड; उरलेला खर्च दानशूर लोकांच्या वर्गणीतून व्हावयाचा. पॅट्रिक यांनी मारिया, एलिझाबेथ, शार्लट आणि एमिली या चार मुलींना तेथे पाठविले. शाळेचा हेतू उदात्त होता यात संशय नाही. परंतु जागा दमट, अन्न निकृष्ट, थंडीत मैलोगणती चालत चर्चला जाणे, आणि शिस्तीच्या नावाखाली कठोर वागणूक, असा तेथील कारभार होता. १८२५ च्या वसंतात शाळेत तापाची साथ पसरली. मारियाला क्षयाने ग्रासले होते. तिला घरी पाठविण्यात आले आणि मे महिन्यात ती गेली. जूनमध्ये एलिझाबेथही गेली. एकीचे वय अकरा, दुसरीचे दहा. पॅट्रिक यांनी उरलेल्या दोघींना ताबडतोब घरी आणले.

बावीस वर्षांनंतर शार्लटने ‘जेन एअर’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा त्यातील लोवुड शाळेच्या रूपाने तिने हे सर्व जगापुढे मांडले. दिलेला घास अपमानाच्या मिठाशिवाय गळ्याखाली उतरत नाही, अशी त्या धर्मादाय शाळेची स्थिती तिने रंगविली. पुढे १८५७ साली एलिझाबेथ गॅस्केल यांनी शार्लटचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात शाळेचे नाव उघड केले. त्यावर मोठा वाद माजला. संस्थापक विल्यम कॅरस विल्सन यांच्या बाजूचे लोक म्हणत की, चित्र अतिरंजित आहे, त्या काळी सर्वच शाळा अशा होत्या, आणि शाळा पुढे दुसऱ्या जागी हलवून सुधारण्यात आली. हे शेवटचे विधान खरेच आहे. १८३३ साली शाळा कॅस्टरटन येथे गेली. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. दोन्ही बाजू पाहूनही एक गोष्ट उरतेच. त्या काळी क्षयावर औषध नव्हते हे मान्य केले तरी आजारी मुलीचा आजार वेळीच ओळखणे, तिला गरम अन्न आणि कोरडे अंथरूण देणे, यासाठी औषधाची गरज नव्हती. शाळा धर्मादाय आहे म्हणून मुलांनी मिळेल ते गोड मानून घ्यावे, ही समजूत त्या काळी इंग्लंडात होती. ती फक्त त्या काळी आणि फक्त इंग्लंडातच होती असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? ज्या ज्या ठिकाणी वसतिगृहे चालतात, तेथील व्यवस्थापकांनी कोवन ब्रिजचे प्रकरण एकदा तरी वाचावे असे वाटते.

घरातील विद्यापीठ

या आघातानंतर मुलींचे शिक्षण बरेचसे घरीच झाले. वडिलांच्या कपाटातील ग्रंथ, वर्तमानपत्रे आणि मासिके मुलांना खुली होती. कोणते पुस्तक मुलींनी वाचू नये असा धाक त्या घरात नव्हता. १८२६ साली वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांचा एक संच आणला. प्रत्येक भावंडाने आपापला शिपाई उचलला, त्याला नाव दिले, आणि त्या शिपायांच्या राज्यांच्या कथा रचण्यास सुरुवात केली. या कथा त्यांनी हाताच्या तळव्यात मावतील एवढ्या चिमुकल्या वह्यांत, डोळ्यांना त्रास होईल इतक्या बारीक अक्षरांत लिहिल्या. अशीच शार्लटची एक वही २०१९ साली पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना विकत घेऊन हावर्थला परत आणण्यात आली. मुले खेळतात तेव्हा वेळ वाया घालवितात असे समजणाऱ्या पालकांनी या वहीची किंमत ध्यानात ठेवावी.

शार्लटला लेखिका व्हावयाचे होते. वयाच्या विशीत तिने आपल्या कविता रॉबर्ट साउदी या राजकवीकडे पाठविल्या. १८३७ साली त्यांचे उत्तर आले. वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये, असा त्याचा आशय होता. तिने पत्र जपून ठेवले, आणि लेखनही सोडले नाही. तिन्ही बहिणींनी शिक्षिकेची आणि श्रीमंतांच्या घरी मुले शिकविण्याची नोकरी करून पाहिली. मावशीने दिलेल्या पैशातून शार्लट आणि एमिली १८४२ साली ब्रुसेल्सला जाऊन फ्रेंच शिकल्या. १८४४ साली त्यांनी आपल्याच घरात मुलींची शाळा काढावयाचे ठरविले आणि तिची माहितीपत्रके छापली. एकही विद्यार्थिनी आली नाही. शाळा काढणाऱ्यांच्या इतिहासात अशा न निघालेल्या शाळांचीही एक नोंद असावयास हवी.

१८४६ साली तिघींनी स्वखर्चाने एक कवितासंग्रह प्रसिद्ध केला. स्त्रीचे पुस्तक म्हणून कोणी हिणवू नये यासाठी करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल अशी नावे घेतली. पहिल्या वर्षभरात त्याच्या फक्त दोन प्रती खपल्या. त्याच वर्षी वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शार्लट त्यांच्यासोबत मँचेस्टरला राहिली होती. तेथे, वडील डोळ्यांना पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत निजून असताना, तिने ‘जेन एअर’ लिहावयास घेतली. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये ती प्रसिद्ध झाली आणि तिने लंडन हलवून सोडले. डिसेंबरमध्ये एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ आणि अ‍ॅनची ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ आली.

या कादंबरीचा आपल्या देशाशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. त्यातील सेंट जॉन रिव्हर्स नावाचा तरुण पाद्री हिंदुस्थानात जाण्याच्या तयारीने हिंदुस्थानी भाषा शिकत असतो आणि जेनलाही ती शिकावयास लावतो. यॉर्कशायरच्या डोंगरात बसून एक अनाथ शिक्षिका हिंदुस्थानीचे धडे गिरवीत आहे, हे चित्र आपणास मौजेचे वाटेल. पण त्यामागे घरातीलच आठवण असावी. पॅट्रिक यांना केंब्रिजमध्ये मदत करणारे हेन्री मार्टिन पुढे हिंदुस्थानात आले होते आणि त्यांनी बायबलच्या नव्या कराराचे हिंदुस्थानीत व फारसीत भाषांतर केले होते. सेंट जॉनच्या पात्रावर त्यांची छाया असल्याचे अभ्यासक मानतात. दुसरा धागा थेट मुंबईचा आहे. शार्लटचे प्रकाशक स्मिथ, एल्डर आणि कंपनी यांचा हिंदुस्थानशी मोठा व्यापार होता. त्यांच्या कचेरीतील जेम्स टेलर यांनी शार्लटशी विवाहाची इच्छा दर्शविली होती. ती फळास आली नाही. १८५१ साली ते कंपनीच्या कामासाठी मुंबईस आले आणि १८७४ साली मुंबईतच वारले.

गावचे पाणी

कादंबऱ्यांच्या कीर्तीमुळे हावर्थ म्हणजे वाऱ्यापावसात एकटे पडलेले, जगापासून तुटलेले गाव, अशी समजूत पसरली. गॅस्केलबाईंच्या चरित्राने ती पक्की केली. ब्राँटी संग्रहालयात काम केलेल्या ज्युलिएट बार्कर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथात ही समजूत खोडून काढली. हावर्थ हे गिरण्यांचे, घरोघर लोकर विंचरणाऱ्या मजुरांचे, गजबजलेले गाव होते. लोकर विंचरण्यासाठी शेगडी पेटती ठेवावी लागे आणि खिडक्या बंद. त्याच खोलीत कुटुंब राहावयाचे आणि निजावयाचे. सांडपाण्याची गटारे नव्हती. विहिरींचे पाणी खराब होते. टेकडीच्या माथ्यावरील स्मशानातून झिरपणारे पाणी खाली उतरत होते.

पॅट्रिक ब्राँटी केवळ प्रवचने देऊन थांबले नाहीत. १८३२ साली त्यांनी गावात रविवारची शाळा बांधून घेतली. गिरणीत जाणाऱ्या मुलांना तेथे अक्षरओळख होई आणि ब्राँटी भावंडे तेथे शिकवीत. ती इमारत आजही चर्चजवळ उभी आहे. पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आरोग्य मंडळाकडे पाठविला आणि उत्तर येईपर्यंत पत्रांचा पाठपुरावा केला. १८५० साली बेंजामिन हर्शेल बॅबेज नावाचे निरीक्षक चौकशीस आले. गणकयंत्राचे जनक चार्ल्स बॅबेज यांचे ते चिरंजीव. त्यांचा अहवाल वाचताना आजही मन सुन्न होते. हावर्थमधील मृत्यूचे सरासरी वय २५.८ वर्षे होते. जन्मलेल्या शंभर मुलांपैकी एकेचाळीसांहून अधिक मुले सहा वर्षांची होण्याआधीच दगावत. लंडनच्या सर्वांत गलिच्छ वस्त्यांशी तुलना व्हावी अशी ही स्थिती होती.

अहवाल आला म्हणून लगेच नळ आले नाहीत. ज्यांना कर भरावा लागणार होता अशा मालमत्ताधारकांनी विरोध केला आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. हा अनुभव आपणास अगदीच अपरिचित नाही. पण या आकड्यांच्या उजेडात पाद्रीच्या घराकडे पाहिले म्हणजे त्या कुटुंबाची शोकांतिका एकट्याची राहत नाही. ब्रॅनवेल सप्टेंबर १८४८ मध्ये ३१ व्या वर्षी, एमिली त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिसाव्या वर्षी, अ‍ॅन मे १८४९ मध्ये २९ व्या वर्षी गेली. शार्लटने १८५४ साली वडिलांचे साहाय्यक आर्थर बेल निकल्स यांच्याशी विवाह केला आणि ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, तीही गेली. गावाच्या सरासरीने पाहता ही भावंडे जास्तच जगली म्हणावयाची! वृद्ध पॅट्रिक मात्र सहाही मुलांना मातीआड करून ८४ व्या वर्षी, १८६१ साली वारले.

आगगाडीचे आगमन

ब्राँटी कुटुंबाचे आगगाडीशी नाते हावर्थला रूळ येण्यापूर्वीचे आहे. ज्याच्यावर घराची सारी आशा होती तो ब्रॅनवेल १८४० साली लीड्स-मँचेस्टर रेल्वेवर सोअर्बी ब्रिज स्टेशनात कारकून झाला आणि पुढल्या वर्षी लडेंडन फूट या लहान स्टेशनचा मुख्य कारकून झाला. १८४२ मध्ये हिशेबात अकरा पौंड, एक शिलिंग, सात पेन्सची तूट निघाली आणि त्याची नोकरी गेली. पैसे त्याने घेतले असे कोणी सिद्ध केले नाही. हिशेबाकडे दुर्लक्ष केले एवढे खरे. मावशीच्या वारशातून आलेले पैसे बहिणींनी रेल्वेच्या शेअरांत गुंतविले होते. त्या काळी इंग्लंडात रेल्वे-शेअरांचे वेड पसरले होते. पुढे भाव कोसळले आणि शार्लटच्या रकमेचा मोठा भाग बुडाला.

एक प्रवास मात्र सार्थकी लागला. तिन्ही बेल म्हणजे एकच लेखक आहे अशी अफवा एका प्रकाशकाने पसरविली, तेव्हा जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि अ‍ॅन वादळी हवेत चार मैल चालत कीथली स्टेशनवर गेल्या आणि रात्रीच्या गाडीने लंडनला पोचल्या. सकाळी प्रकाशकाच्या कचेरीत दोन साध्या पोशाखातील खेडवळ बायका उभ्या राहिल्या, तेव्हा त्याचा विश्वास बसेना. आगगाडी नसती तर पाद्रीच्या मुलींना एका रात्रीत लंडन गाठता आले नसते.

हावर्थला रूळ आले ते शार्लटच्या कीर्तीमुळेच, असे म्हटले तर वावगे ठरू नये. १८६१ साली जॉन मॅकलँड्सबरो हे सिव्हिल इंजिनिअर शार्लटच्या स्मृतीस वंदन करण्यासाठी हावर्थला आले. एवढ्या गिरण्या असलेल्या गावाला आगगाडी नाही याचे त्यांना आश्चर्य वाटले. त्यांनी गिरणीमालकांची सभा भरविली. मालकांना कोळसा आणावयाचा आणि कापड न्यावयाचे होतेच. १८६२ साली पार्लमेंटचा कायदा झाला, १८६४ मध्ये काम सुरू झाले. एका गायीने इंजिनिअरचे नकाशे खाल्ले म्हणून विलंब लागला, अशी गोष्ट तेथे सांगतात. अखेर १३ एप्रिल १८६७ रोजी उद्घाटन झाले. पाहुण्यांनी भरलेली पहिलीच गाडी चढावर अडली आणि शेवटी डबे विभागून वर न्यावी लागली. दोन दिवसांनी सामान्य उतारूंसाठी मार्ग खुला झाला. गाड्या मिडलंड रेल्वे चालवीत असे आणि पुढे मार्ग तिच्या मालकीचा झाला.

लोकांनी राखलेला मार्ग

सुमारे पंचाण्णव वर्षे ही गाडी गिरणीकामगार, शाळकरी मुले, कोळसा आणि लोकर वाहत राहिली. मग मोटारी आणि बसगाड्या आल्या, उत्पन्न घटले. ३० डिसेंबर १९६१ रोजी ब्रिटिश रेल्वेची शेवटची प्रवासी गाडी धावली आणि १९६२ च्या उन्हाळ्यात मालवाहतूकही थांबली. पुढल्याच वर्षी बीचिंग अहवालाने देशभर हजारो मैल मार्ग बंद करण्याची शिफारस केली. रूळ उखडले गेले, स्टेशने मोडकळीस आली. हावर्थच्या मार्गाचेही तेच झाले असते.

ते झाले नाही, कारण १९६२ च्या मार्चमध्ये कीथलीत जमलेल्या लोकांनी एक संस्था स्थापन केली. बॉब क्रायर हे शिक्षक तिचे प्रमुख कार्यकर्ते होते. १९७४ साली ते कीथलीतून पार्लमेंटवर निवडून गेले. संस्थेने पूर्ण मार्गच रेल्वेकडून विकत घेण्याचे ठरविले आणि किंमत पंचवीस वर्षांच्या हप्त्यांनी फेडण्याचा करार केला. सुटीच्या दिवशी कारकून, शिक्षक, गिरणीकामगार आणि विद्यार्थी फावडी घेऊन येत. गवत काढणे, रूळ बसविणे, इंजिने दुरुस्त करणे ही कामे त्यांनी विनावेतन केली. २९ जून १९६८ रोजी मार्ग पुन्हा सुरू झाला. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने आपल्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने कायमची निवृत्त केली. सरकारने जे टाकून दिले ते गावकऱ्यांनी उचलून धरले.

दोन वर्षांनी त्यांना अनपेक्षित साहाय्य मिळाले. ई. नेसबिट या लेखिकेने १९०६ साली ‘द रेल्वे चिल्ड्रन’ नावाची मुलांची कादंबरी लिहिली होती. वडिलांवर खोटा आरोप येऊन ते तुरुंगात जातात आणि आई तीन मुलांना घेऊन खेड्यात, आगगाडीच्या रुळाशेजारी राहावयास जाते, अशी ती कथा. दरड कोसळलेली पाहून मुले आपले तांबडे परकर फाडून निशाणे करतात आणि गाडी थांबवितात. लायनेल जेफ्रीज यांनी १९७० साली त्यावर चित्रपट काढला आणि त्यासाठी हाच मार्ग आणि ओकवर्थ स्टेशन निवडले. पाद्रीबाबांच्या घराचा उपयोगही त्यात डॉक्टरांचे घर म्हणून झाला. चित्रपट गाजला आणि उतारूंची रीघ लागली. २०२२ साली त्याचा पुढला भाग निघाला, तोही येथेच चित्रित झाला.

या कथेत पर्क्स नावाचा एक गरीब रेल्वे-हमाल आहे. मुले गावभर फिरून त्याच्या वाढदिवसासाठी वस्तू गोळा करतात. त्याला वाटते, लोकांनी आपल्याला भीक घातली. तो रागावतो आणि सर्व परत न्या म्हणतो. प्रत्येक वस्तू देणाऱ्याने त्याच्याविषयी आदराने काय म्हटले ते मुले त्याला सांगतात, तेव्हा त्याचा राग जातो. लोवुडच्या शाळेत जे दान आदराशिवाय दिले गेले ते विष झाले. पर्क्सच्या घरी तेच दान आदरासह आले आणि गोड लागले. दोन लेखिका, दोन काळ, परंतु सांगणे एकच आहे.

आज या मार्गावर जुन्या पद्धतीची तिकिटे, पितळी दिवे, लाकडी डबे आणि वाफेची इंजिने पाहावयास मिळतात. मधले डॅमेम्स स्टेशन इतके लहान की ते देशातील पूर्ण रुंदीच्या मार्गावरील सर्वांत लहान स्टेशन म्हणून ओळखले जाते. गार्ड, तिकीट तपासनीस, इंजिनचालक यांपैकी बहुसंख्य आजही स्वयंसेवक आहेत. पाद्रीच्या घराची कथाही अशीच. ब्राँटी सोसायटीची स्थापना १८९३ साली झाली; तिने १८९५ साली एका बँकेच्या वरच्या मजल्यावर छोटे संग्रहालय उघडले. १९२८ साली सर जेम्स रॉबर्ट्स यांनी ते घर विकत घेऊन सोसायटीस दान केले. हे गृहस्थ याच परिसरात जन्मलेले, बालपणी गिरणीत काम करून पुढे मोठे उद्योगपती झालेले. हावर्थबाहेरच्या माळावर टॉप विदन्स नावाच्या पडक्या शेतघराकडे जाणाऱ्या वाटेवर जपानी भाषेतही पाट्या लावल्या आहेत, इतके दूरचे वाचक येथे येतात. तेथील फलक मात्र प्रामाणिकपणे सांगतो की, हे घर कादंबरीतील वर्णनाशी जुळत नाही. थॉर्नटन गावातील ज्या घरात चार भावंडे जन्मली, तेही लोकांनी भाग विकून पैसा उभा करून विकत घेतले आणि २०२५ साली सर्वांना खुले झाले.

हावर्थकडे पाहताना म्हणून केवळ सुंदर देखावा पाहू नये. एका आयरिश मजुराच्या मुलाला मिळालेली शिष्यवृत्ती, एका शाळेच्या हलगर्जीपणात गेलेल्या दोन मुली, घरातील कपाट मुलींसाठी उघडे ठेवणारा बाप, पाण्यासाठी केलेले अर्ज, आणि फावडी घेऊन रुळावर उतरलेले शिक्षक व कामगार, हे सारे त्या एका टेकडीवर आणि तिच्या पायथ्याच्या दरीत घडले. त्यात राजा नाही, सेनापती नाही. आपल्या प्रत्येक गावातही एखादी पहिली शाळा, पहिली विहीर, पहिली बस किंवा गाडी आणि ती आणणारी माणसे असतातच. त्यांच्या नोंदी जुन्या रजिस्टरांत, इतिवृत्तांत आणि वृद्धांच्या स्मरणात आहेत. रजिस्टरे वाळवीच्या हाती लागण्यापूर्वी आणि वृद्ध मंडळी आहेत तोपर्यंत, आठवी-नववीच्या मुलामुलींना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याकडे पाठविणे हे इतिहासाच्या शिक्षकाला सहज करता येण्यासारखे काम आहे. त्या वह्या चिमुकल्या असल्या तरी चालतील.